पहिलं जहाज घेण्याआधी : देशाची कंटेनर कंपनी उभारू पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयातील धोरणकर्ते,
आणि या कामात पैसा घालू पाहणाऱ्या सरकारी व खासगी कंपन्यांचे संचालक यांस,

स. न. वि. वि.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत पस्तीस वर्षं नोकरी केली. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) टाइप करत लागलो आणि मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) तपासत निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत लाखो कंटेनरचे नंबर माझ्या डोळ्यांखालून गेले, पण त्यांत भारतीय मालकीच्या कंपनीचे डबे फारच थोडे. म्हणून आपल्या देशाची स्वतःची मोठी कंटेनर कंपनी असावी ही चर्चा पुन्हा सुरू झालेली पाहून मला मनापासून आनंद झाला. हे एकट्यादुकट्याचं काम नाही, अनेकांनी भांडवल एकत्र करावं, असाही सूर ऐकू येतो. तोही मला पटतो.

पण हा प्रयोग पूर्वी एकदा झालेला आहे. ब्रिटनमध्ये, १९६५ साली. त्या कंपनीचं नाव ओव्हरसीज कंटेनर्स लिमिटेड, म्हणजे ओसीएल. ती कशी उभी राहिली, कुठे अडखळली आणि कशी नाहीशी झाली, हे तुम्ही जहाजांच्या ऑर्डरी देण्याआधी वाचावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ओसीएलमध्ये ब्रिटनच्या चार जहाज-कंपन्यांची घरं एकत्र आली. पहिलं पी अँड ओ. दुसरं लिव्हरपूलचं आल्फ्रेड होल्ट, ज्यांच्या ब्लू फनेल लाइनच्या जहाजांना ग्रीक पुराणातली नावं असत. तिसरं ब्रिटिश अँड कॉमनवेल्थ, ज्यांच्याकडे क्लॅन लाइन आणि युनियन-कॅसल होती. चौथं फर्नेस विदी. ही नावं मुंबईला परकी नाहीत. क्लॅन लाइन काढणारे चार्ल्स केझर तरुणपणी मुंबईतल्याच एका पेढीवर कारकून होते, आणि त्यांची पहिली जहाजं १८७८ मध्ये मुंबईच्याच फेरीवर लागली. पी अँड ओचं तर विचारायलाच नको. या कंपन्यांच्या जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशी, भंडारी, बटलर पिढ्यान्‌पिढ्या राबले. धोबीतलाव, गिरगावातल्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे सामायिक वसतिगृहं, त्यांच्याच वस्तीसाठी उभ्या राहिल्या.

हे मी इंग्रजांचं कौतुक म्हणून लिहीत नाही. पी अँड ओ आणि बी.आय. (ब्रिटिश इंडिया) या एकाच गटाने भारतीय मालकीच्या सिंदिया कंपनीला समुद्रावर टिकू देऊ नये म्हणून काय काय केलं, हे आपल्याला ठाऊक आहे. १९१९ साली सिंदियाचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्यानंतर त्याच्या मालकांना भाड्याच्या दरयुद्धाला तोंड द्यावं लागलं. पुढे १९२३ मध्ये त्यांना अशा करारावर सही करावी लागली की ज्याने त्यांचं कार्यक्षेत्रच आखून टाकलं. तेव्हा ही माणसं दयाळू होती म्हणून नव्हे, धंदा जाणत होती म्हणून त्यांच्याकडे पाहायचं.

त्यांनी जाणलं ते असं. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. दहा वर्षांत त्यांच्या सी-लँड कंपनीचं जहाज डबे घेऊन युरोपात पोचलं. त्या काळचं साधं मालवाहू जहाज आपलं निम्मं आयुष्य बंदरात उभं राहून घालवत असे. गोणी, पेट्या, पिंपं एकेक करून टोळ्यांनी चढवायची, एकेक करून उतरवायची. डब्यात माल भरून आणला तर तेच काम आठवड्यांऐवजी दिवसांत होतं. मात्र त्यासाठी नवी जहाजं हवीत, नवे धक्के हवेत, नव्या क्रेन हव्यात, हजारो डबे हवेत. एका जहाजावर जेवढ्या डब्यांची जागा, त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट डबे विकत घ्यावे लागतात, कारण काही समुद्रावर असतात, काही या किनाऱ्यावर भरले जात असतात, काही त्या किनाऱ्यावर रिकामे होत असतात. चारांपैकी एकाही कंपनीच्या तिजोरीला हे एकटीने झेपणारं नव्हतं. म्हणून एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या घरांनी ऑगस्ट १९६५ मध्ये हातमिळवणी केली. पुढच्याच वर्षी बेन लाइन, ब्लू स्टार, क्युनार्ड, एलरमन आणि हॅरिसन या पाच जणांनी एसीटी नावाची दुसरी जोडणी केली.

आता माझा पहिला मुद्दा. ओसीएल स्थापन झाली १९६५ मध्ये आणि तिचं पहिलं जहाज निघालं मार्च १९६९ मध्ये. मधली साडेतीन वर्षं ही मंडळी काय करत होती? अध्यक्ष होते पी अँड ओचे सर अँड्र्यू क्रायटन. लंडनच्या कार्यालयात चारही घरांतून माणसं उचलून आणली, आणि ती माणसं आपल्या जुन्या घराची नव्हे तर या नव्या कंपनीची झाली पाहिजेत, हे बघावं लागलं. ऑस्ट्रेलियाचा मार्ग आधी घ्यायचा असं ठरलं. तिथून येणारा माल म्हणजे लोकर आणि गोठवलेलं मांस. मांसासाठी अशी व्यवस्था केली की डब्याच्या टोकाला दोन गोल भोकं, आणि जहाजावर त्या भोकांतून थंड हवा खेळवायची. डबा धक्क्यावर उतरला की त्याला बाहेरून थंडाव्याचं यंत्र जोडायचं. देशाच्या आतल्या भागात मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्ससारख्या शहरांजवळ ‘कंटेनरबेस’ उभारले गेले. सीमाशुल्काची तपासणी तिथेच व्हायची, डबा रेल्वेने किंवा ट्रकने थेट तिथे जायचा. ब्रिटिश रेल्वेने १९६५ मध्येच फ्रेटलाइनर गाड्या सुरू केल्या होत्या, त्याही कामी आल्या. थोडक्यात, आपण जहाजाचा नव्हे, कारखान्याच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत माल पोचवायचा धंदा करतो आहोत, हे त्यांना जहाज पाण्यात उतरण्याआधी कळलं होतं. आपल्याकडे कॉन्कॉर ही रेल्वेने कंटेनर नेणारी सरकारी कंपनी आहे, दिल्लीत तुघलकाबादचा अंतर्देशीय डेपो आहे, मालगाड्यांचे स्वतंत्र मार्ग आहेत. पण नवी कंपनी म्हटली की पहिला प्रश्न येतो तो ‘किती जहाजं?’ हाच. मला तो पाचवा-सहावा प्रश्न वाटतो.

त्यांच्या पहिल्या सहा जहाजांची नावं उपसागरांवरून होती : एन्काउंटर बे, बॉटनी बे, डिस्कव्हरी बे, फ्लिंडर्स बे, मोर्टन बे आणि जर्विस बे. पाच जर्मनीत बांधली, एक स्कॉटलंडात क्लाइड नदीकाठी. एन्काउंटर बे हे नाव मला फार आवडतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या उपसागरात १८०२ साली इंग्रज मॅथ्यू फ्लिंडर्स आणि फ्रेंच निकोला बोदां या दोन प्रतिस्पर्धी दर्यावर्द्यांची गाठ पडली. घरी त्यांचे देश वैरी, इथे दोघांनी भेटून आपापल्या शोधांची माहिती एकमेकांना सांगितली. चार स्पर्धकांनी काढलेल्या कंपनीच्या पहिल्या जहाजाला याहून योग्य नाव कोणतं असतं?

आता दुसरा मुद्दा, आणि या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एन्काउंटर बे लंडनहून निघायचं होतं. थेम्सच्या काठी टिलबरीला त्यासाठी नवा धक्का तयार होता, क्रेन उभ्या होत्या. पण जहाज निघालं रॉटरडॅमहून. ब्रिटनची एवढी मोठी नवी कंपनी, ब्रिटनचा पैसा, ब्रिटनचा झेंडा, आणि पहिला डबा चढला तो हॉलंडमध्ये. २८ मार्च १९६९ ला ते ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलला पोचलं.

असं का झालं? कारण टिलबरीच्या गोदी कामगारांनी जानेवारी १९६८ पासून या नव्या कंटेनर धक्क्यांवर काम करायला नकार दिला होता. त्यांची संघटना, ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन, म्हणत होती की नव्या पद्धतीच्या कामाचा मोबदला आणि कामाची शाश्वती यांचा करार आधी, मग डब्याला हात. हा बहिष्कार १९७० पर्यंत चालला. दोन वर्षं तो धक्का ओसीएलला वापरता आला नाही. ब्रिटनचा माल छोट्या जहाजांनी खाडी ओलांडून युरोपच्या बंदरांत न्यायचा आणि तिथे मोठ्या जहाजावर चढवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागला.

कामगारांना अडाणी किंवा आडमुठे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला ते कधीच पटलं नाही. त्या माणसांनी गोदीच्या फाटकावर रोज सकाळी उभं राहून काम मिळतं का पाहण्यात पिढ्या घालवल्या होत्या. गोदी कामाची चौकशी करणाऱ्या लॉर्ड डेव्हलिन यांच्या समितीच्या अहवालानंतर सप्टेंबर १९६७ मध्ये कुठे त्यांना कायमची नोकरी मिळाली. आणि लगेच चारच महिन्यांत त्यांना सांगितलं जात होतं की आता असा डबा येतो आहे जो तुमच्यातल्या बहुतेकांना घरी बसवेल. त्यांची भीती खरी ठरली. साठच्या दशकाच्या मध्याला ब्रिटनमध्ये सुमारे ६५ हजार नोंदणीकृत गोदी कामगार होते, १९८९ मध्ये दहा हजारांच्या आत उरले. सेंट कॅथरीन, लंडन, सरे, वेस्ट इंडिया, रॉयल अशा लंडनच्या जुन्या गोद्या १९६८ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या जागेवर कधीकाळी साखरेची पोती उतरत.

१९७२ च्या उन्हाळ्यात हा संघर्ष इतका पेटला की लंडनच्या पाच गोदी कामगारांना कंटेनर डेपोसमोर निदर्शनं केल्याबद्दल पेंटनव्हिल तुरुंगात टाकलं गेलं, आणि देशभर काम थांबल्यावर काही दिवसांत सोडावं लागलं. दरम्यान फेलिक्स्टोव नावाचं एक लहान बंदर, जे राष्ट्रीय गोदी कामगार योजनेच्या (म्हणजे गोदीचं काम नोंदणीकृत कामगारांनाच देण्याच्या नियमाच्या) बाहेर होतं, तिथे कंटेनरचा धंदा सरकला आणि तेच पुढे देशातलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर झालं. लंडनच्या कामगारांची हार झाली असं म्हणता येईल. पण कंपनीही त्यात जिंकली नाही. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत तोटा झाला, तो याच भांडणामुळे पुष्कळ वाढला. साडेतीन वर्षं सगळ्याचा विचार केलेल्या माणसांनी या एका गोष्टीचा विचार उशिरा केला, हे मला आजही खटकतं. भोकं पाडलेल्या थंड डब्याचा इतका बारीक अभ्यास, आणि तो डबा ज्यांच्या हातून चढणार त्यांच्याशी मनापासून बोलणी नाहीत.

आपल्याकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी भरून टाकण्यात आल्या. तिथे काम केलेली म्हातारी माणसं मला माझगावच्या रस्त्यावर भेटतात. न्हावा-शेव्याच्या आसपास ज्यांची शेतं गेली त्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. वाढवणला मच्छीमारांचा विरोध तुमच्यासमोर आहे. नव्या कंपनीचा पहिला करार जहाजबांधणी कंपनीशी नको, या लोकांशी हवा, असं मी म्हणतो ते केवळ माणुसकीने म्हणत नाही. टिलबरीचा उभा राहून गंजणारा धक्का डोळ्यांसमोर आणा.

ऑस्ट्रेलियानंतर ओसीएलने पूर्वेकडे वळून जपान, हाँगकाँगच्या मार्गावर आणखी मोठी जहाजं घातली. लिव्हरपूल बे, टोकिओ बे, ओसाका बे, कार्डिगन बे, कौलून बे. ती १९७२ पासून येऊ लागली आणि २६ नॉट वेगाने धावायची, कारण वेग हाच तेव्हा मोठेपणा होता. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव चौपट झाले. वाफेच्या टर्बाइनांवर चालणारी ही जहाजं तेल पिऊन मालकांना रडवू लागली, आणि काही वर्षांनी त्यांची इंजिनं काढून डिझेल बसवावी लागली. यातून घ्यायचं एवढंच की आजचं इंधन उद्या असेलच असं समजून जहाज बांधू नये.

पूर्वेकडच्या त्याच मार्गावर ट्रायो नावाची एक जोडणी झाली : ब्रिटनच्या ओसीएल आणि बेन लाइन, जर्मनीची हापाग-लॉइड, जपानच्या एन.वाय.के. आणि मित्सुई ओ.एस.के. जहाजं ज्याची त्याची, वेळापत्रक आणि जागा वाटून घ्यायची. ओसीएलचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आणि पुढे अध्यक्ष झालेले सर रोनाल्ड स्वेन हे १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेर बंदरावरच्या हल्ल्यात जर्मनांशी लढता लढता कैद झालेले कमांडो होते. तीस वर्षांनी तेच जर्मनांकडून जहाजं बांधून घेत होते आणि जर्मन-जपानी कंपन्यांबरोबर एका टेबलावर बसून फेऱ्या ठरवत होते. मला या माणसाचा फार आदर वाटतो. ट्रायोची व्यवस्था जवळपास वीस वर्षं टिकली. आपण एकटे सगळं करू असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता तिसरा मुद्दा, तो मालकीचा. ओसीएल चांगली चालली. सत्तरच्या दशकात तोटा मागे पडला, ती जगातल्या मोठ्या कंटेनर कंपन्यांत गणली जाऊ लागली. आणि तरीही आज तिचं नावसुद्धा शिल्लक नाही. ती बुडाली नाही. तिच्या मालकांनी एकेक करून अंग काढून घेतलं.

फर्नेस विदी १९८० मध्ये हाँगकाँगच्या सी. वाय. तुंग यांनी विकत घेतली आणि ओसीएलमधून ती बाजूला झाली. ब्रिटिश अँड कॉमनवेल्थला आता जहाजांत रस उरला नव्हता, वित्तव्यवसायात जास्त पैसा दिसत होता. ब्लू फनेलवाल्या, म्हणजे आल्फ्रेड होल्टच्या, ओशन कंपनीचंही लक्ष समुद्रावरून जमिनीवरच्या मालवाहतुकीकडे वळलं होतं. १९८६ मध्ये उरलेला सगळा हिस्सा पी अँड ओने घेतला आणि पुढच्या वर्षी कंपनीचं नाव पी अँड ओ कंटेनर्स झालं. ओसीएल हा शब्द तिथे संपला. ब्रिटिश अँड कॉमनवेल्थने वित्तव्यवसायात जाऊन अ‍ॅटलांटिक कॉम्प्युटर्स नावाची कंपनी घेतली आणि तिच्यापायी १९९० मध्ये स्वतःच बुडाली.

पी अँड ओ कंटेनर्स १९९६ च्या अखेरीस डच नेडलॉइडमध्ये मिसळली. २००५ मध्ये पी अँड ओ नेडलॉइड डेन्मार्कच्या मार्स्कने घेतली आणि वर्षभरात ते नाव पुसलं गेलं. २००६ मध्ये खुद्द पी अँड ओ दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेली. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीजने जवळपास आठशे खलाशांना एका दिवसात कामावरून काढलं, तेव्हा ब्रिटनच्या संसदेत केवढा संताप झाला. १८३७ पासूनचं नाव, पण ते नाव सांभाळायला देशात कोणी मालकच उरला नव्हता.

या विक्रीची टोकं आपल्या दारात येऊन पोचतात. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये तिथे देशातल्या पहिल्या खासगी कंटेनर टर्मिनलचा करार झाला तो पी अँड ओच्या बंदर कंपनीशी. १९९९ मध्ये ते चालू झालं. आम्ही एजन्सीवाल्यांनी तोवर असा वेग पाहिला नव्हता. पुढे २००६ मध्ये पी अँड ओबरोबर तेही डीपी वर्ल्डकडे गेलं. त्याच बंदरात शेजारी मार्स्कच्या गटातल्या एपीएम टर्मिनल्सचं, कॉन्कॉरसह, दुसरं टर्मिनल आहे. म्हणजे ज्या दोघांनी पी अँड ओचा वारसा वाटून घेतला, ते दोघे आज उरणमध्ये शेजारी शेजारी उभे आहेत. आणि आपल्या शिपिंग कॉर्पोरेशनकडे, १९६१ पासूनच्या कंपनीकडे, कंटेनर जहाजं मोजकीच.

म्हणून माझ्या मागण्या अगदी स्पष्ट आहेत. जे कुणी भागीदार होतील त्यांनी आपला हिस्सा बाहेर विकण्याआधी उरलेल्या भागीदारांना द्यायचा, आणि सगळेच घेत नसतील तर देशाला, हे कराराच्या पहिल्याच पानावर असू द्या. कंपनीचं व्यवस्थापन भागीदारांच्या कार्यालयांतून चालू देऊ नका, तिला तिची स्वतःची माणसं द्या आणि निदान तीन वर्षं कुणी निकाल मागू नका. बंदरातल्या संघटनांशी, माथाडींशी, ट्रकवाल्यांशी करार झाल्याचे कागद जहाजांच्या ऑर्डरीआधी लोकांसमोर ठेवा. आणि जहाजांवर आपली मुलं असू द्या. ओसीएलसारख्या कंपन्या आल्या तशी साधी मालवाहू जहाजं संपत गेली आणि रत्नागिरी, राजापूर, साष्टी, बार्देशच्या किती घरांतली दर्यावरची नोकरी गेली, याचा हिशेब कोणी ठेवलाच नाही. माझ्या आजोळच्या गावात अशी दोन घरं होती. त्यांच्या माजघरातल्या भिंतीवर अजून जहाजांचे फोटो लावलेले आहेत.

तुमच्या समितीच्या बैठका मुंबईत होणार असतील तर मला बोलवा. माझ्याकडे पद नाही, पण जुन्या मॅनिफेस्टच्या वह्या आणि हे सगळं पाहिलेले डोळे आहेत. येताना मी वह्या घेऊन येईन.

आपला,
बॅलार्ड इस्टेटमधला एक निवृत्त शिपिंग कारकून